मोड घालून नवे जहाज

सोनाराकडे जुनी पाटली घालून नवी बांगडी करणे, तांब्यापितळेची मोड देऊन स्टीलचा डबा आणणे, बोहारणीशी तासभर हुज्जत घालून दोन साड्यांत एक पातेले पदरात पाडून घेणे हे व्यवहार मराठी घराला कुणी शिकवावे लागत नाहीत. जुने घालायचे, वरचा फरक रोख द्यायचा आणि नवे घ्यायचे. हल्ली याला 'एक्सचेंज' म्हणतात. फोन, फ्रिज, मोटारगाडी सगळे त्यात बसते. हाच व्यवहार जेव्हा जहाजाच्या किंवा मासेमारी बोटीच्या बाबतीत होतो तेव्हा काय घडते, हा या लेखाचा विषय आहे. दोन कारणांसाठी तो आज महत्त्वाचा वाटतो. एक म्हणजे भारत सरकारने नुकतीच जहाजांच्या 'एक्सचेंज'ची एक योजना मंजूर केली आहे. दुसरे म्हणजे कोकणातल्या ज्या माणसाला नवी बोट घ्यायची असते, त्याची जुनी बोट घालून घेणारा कुणीही समोर उभा नसतो.

आधी व्यवहाराचे गणित पाहू. समजा, एका कारखान्यात नव्या बोटीची सांगितलेली किंमत ५० लाख आहे. कारखानदार मनातल्या मनात ४६ लाखांवर खूश आहे. तुमची जुनी बोट बाजारात दहा लाखांना जाईल. कारखानदार म्हणतो, जुनीचे चौदा देतो, वर ३६ लाख द्या. दहाची बोट चौदाला गेली म्हणून तुम्ही हरखता. पण तुम्ही जुनी स्वतः दहाला विकली असती आणि नवीसाठी घासाघीस करून ४६वर आणले असते, तरी खिशातून ३६ लाखच गेले असते. जुन्याला मिळालेला जादा भाव म्हणजे नव्यातली सूटच असते, फक्त ती दुसऱ्या खिशातून दिलेली असते. म्हणून अशा सौद्यात पहिला प्रश्न एकच विचारावा: जुनी न घालता नवीचे किती? त्याचे उत्तर मिळेपर्यंत जुनीची किंमत ठरली असे समजू नये.

कायद्याला ही हातचलाखी चांगली ठाऊक आहे. केंद्रीय जीएसटी नियमांतील २७व्या नियमात यासाठी एक उदाहरणच दिले आहे. जुना फोन घालून नवा फोन २०,००० रुपयांना मिळत असेल आणि जुना न घालता त्याची किंमत २४,००० असेल, तर कर आकारण्यासाठी किंमत २४,००० धरायची. मासेमारी बोटींवर जीएसटी ५ टक्के आहे, तिथेही तत्त्व हेच. रोखीत दिलेल्या फरकावर नव्हे, पूर्ण किमतीवर कर बसतो. सरकारी नियमांत इतके घरगुती उदाहरण सापडले की वाचणाऱ्याला बरे वाटते.

मग जुने घालण्यात फायदा काहीच नाही का? आहे, पण तो भावात नसून वेळेत आणि जोखमीत आहे. फोन काउंटरवर तयार असतो. बोट मागणी दिल्यानंतर बांधायला घेतात. त्यात सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त काळ जातो. या काळात जुनी बोट विकून टाकली तर घर चालणार कशावर? विकली नाही तर नवीचा पहिला हप्ता कुठून द्यायचा? बांधणारा जर म्हणाला की जुनीची किंमत आज ठरवू, ती तुझ्याकडेच राहू दे, नवी पाण्यात उतरेल त्या दिवशी जुनी माझ्या धक्क्याला आणून लाव, तर हा पेच सुटतो. जुनी शेवटच्या दिवसापर्यंत कमावते आणि तिची किंमत आजच नव्या बोटीच्या हिशेबात जमा झालेली असते.

मात्र याच ठिकाणी वादाचे बी पेरलेले असते. किंमत ठरली आज आणि बोट हातात येणार वर्षाने. मधल्या काळात इंजिन बसले तर? वादळात बुडाली तर? आणखी एक शक्यता मनुष्यस्वभावाची. जी वस्तू देऊन टाकायची आहे तिच्यावर कुणी रंगाचा एक हातही फिरवत नाही. म्हणून जाणता बांधणारा करारात लिहून घेतो की वापराने होईल तेवढीच झीज चालेल, बोट स्वतःच्या बळावर चालत आली पाहिजे, ठरलेले इंजिन आणि सामान तिच्यावर असले पाहिजे, विमा ताबा देईपर्यंत चालू पाहिजे, कर्जाचा बोजा उतरलेला पाहिजे. जाणता घेणाराही एक ओळ लिहून घेतो: नवीला उशीर झाला तर जुनी ठेवण्याची मुदतही तितकीच वाढेल. ही ओळ राहिली की माणूस ना जुन्या बोटीत ना नव्या, असा किनाऱ्यावर उभा राहतो.

आता एक मोठे उदाहरण. जहाजांच्या जुन्या याद्या वाचण्याचा मला बरीच वर्षे नाद आहे. अशा याद्यांत एखाद्या जहाजाच्या नावापुढे मालकांची नावे आणि साले एवढेच दिलेले असते, पण त्या साध्या ओळींमधून कधी कधी एखादी कादंबरी डोके वर काढते. कुनार्ड कंपनीच्या 'पार्थिया' आणि 'बटाव्हिया' या जहाजांची नोंद त्यातलीच.

दोन्ही जहाजे १८७० साली स्कॉटलंडमध्ये डंबार्टन इथे विल्यम डेनी यांच्या कारखान्यात बांधली गेली. लोखंडी सांगाडा, वाफेचे इंजिन आणि सोबतीला शिडे. पार्थिया तीन हजार टनांच्या थोडी वर, बटाव्हिया अडीच हजारांच्या आसपास. लिव्हरपूल ते अमेरिका हा अटलांटिकचा मार्ग त्यांचा. दहा-बारा वर्षांतच त्या मार्गावर त्या म्हाताऱ्या ठरल्या. कारण गियॉन लाइन या प्रतिस्पर्धी कंपनीने 'ॲरिझोना', 'अलास्का' आणि 'ऑरेगॉन' ही एकाहून एक वेगवान जहाजे आणली. ती तिन्ही बांधणारा कारखाना एकच होता, ग्लासगोजवळच्या गोव्हन इथला जॉन एल्डर आणि कंपनी. त्याचे सर्वेसर्वा विल्यम पिअर्स.

कुनार्डला उत्तर देणे भाग होते. कंपनीने त्याच पिअर्सकडे दोन नव्या जहाजांची मागणी नोंदवली: 'अंब्रिया' आणि 'इट्रुरिया'. दोन्ही १८८४ साली पाण्यात उतरली. प्रत्येक साडेसात हजार टनांच्या वर, ताशी एकोणीस सागरी मैलांच्या आसपास वेग, आणि कोळशाची भूक रोज सुमारे तीनशे टनांची. एवढ्या खर्चाचा एक भाग म्हणून कुनार्डने पार्थिया आणि बटाव्हिया ही जहाजे पिअर्सच्या पदरात घातली. त्या काळची अटलांटिकवरची सर्वांत प्रतिष्ठित कंपनी आणि क्लाइड नदीवरचा सर्वांत धाडसी कारखानदार यांच्यात झालेला हा व्यवहार तत्त्वतः पाटली-बांगडीचाच होता.

पिअर्सने जुनी जहाजे का घेतली असतील? १८८३ हे क्लाइडवरच्या कारखान्यांचे विक्रमी वर्ष होते आणि त्याच्या पाठोपाठ मंदी आली. मोठी मागणी हातातून सोडणे परवडणारे नव्हते. शिवाय ज्याच्या घरात सुतार, लोहार, बॉयलरवाले आणि सुकी गोदी आहे, त्याला जुने जहाज दुरुस्त करण्याचा खर्च इतरांहून कमी येतो. सोनार मोडीची पाटली घेतो तेव्हा त्याच्या दुकानात भट्टी असते हे आपण विसरतो. पिअर्सकडेही भट्टी होती. पार्थियाचे जुने इंजिन काढून तिथे नव्या पद्धतीचे, वाफ तीनदा वापरणारे इंजिन बसवले गेले. कोळसा वाचू लागला आणि जहाज पुन्हा कमावते झाले. उलट नव्याकोऱ्या अंब्रिया-इट्रुरियावर अजून जुन्या, वाफ दोनदाच वापरणाऱ्या पद्धतीची इंजिने होती. मोडीत दिलेल्या जहाजाचे इंजिन विकत घेतलेल्या जहाजाच्या इंजिनाहून आधुनिक ठरावे, हा या कथेतला पहिला विनोद.

कुनार्डच्या बाजूने पाहिले तर रोख वाचली हे उघड आहे. पण मला वाटते, आणखी एक गोष्ट तितकीच मोलाची असावी. आपले जुने जहाज बाजारात विकले की ते नेमके आपल्याच मार्गावर, स्वस्त तिकीट लावून, आपल्याच समोर उभे राहण्याचा धोका असतो. रिक्षावाल्याने जुनी रिक्षा आपल्याच स्टँडवरच्या माणसाला विकण्यासारखे ते आहे. बांधणाऱ्याच्या हाती दिलेले जहाज निदान काही काळ धक्क्याला बांधलेले राहते आणि पुढे दुसऱ्या समुद्रावर जाण्याची शक्यता जास्त.

इथे तसेच घडले. १८८७च्या मे महिन्यात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेची पहिली प्रवासी गाडी व्हँकुव्हरला पोहोचली. रूळ संपले त्या ठिकाणी समुद्र सुरू झाला आणि पलीकडच्या तीरावर जपान-चीनचा चहा आणि रेशीम होते. रेल्वे कंपनीकडे जहाजे नव्हती, पिअर्सकडे होती. पार्थिया, बटाव्हिया आणि कुनार्डच्याच जुन्या ताफ्यातली, मधल्या काळात गियॉन लाइनकडे जाऊन आलेली 'ॲबिसिनिया', अशी तीन जहाजे पॅसिफिकवर भाड्याने आली. जून १८८७मध्ये ॲबिसिनिया योकोहामाहून चहा, रेशीम आणि टपाल घेऊन व्हँकुव्हरला लागली. पुढची चार वर्षे या मोडीतल्या त्रिकुटाने तो मार्ग चालवला आणि असा मार्ग चालू शकतो हे सिद्ध केले. मग ब्रिटिश सरकारचे टपालाचे कंत्राट मिळाले आणि १८९१ साली रेल्वे कंपनीने स्वतःची तीन नवी जहाजे आणली. त्यांतले पहिले 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. १८९३च्या जुलैमध्ये योकोहामा ते व्हँकुव्हर हा प्रवास स्वामी विवेकानंदांनी याच जहाजाने केला, आणि जमशेटजी टाटा त्याच सफरीत होते. त्या भेटीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या सागरी मार्गाची पायवाट मात्र ग्लासगोच्या एका 'एक्सचेंज' सौद्यातल्या जहाजांनी पाडली होती, हे सांगितले जात नाही.

पुढचे थोडक्यात. ॲबिसिनिया १८९१च्या डिसेंबरात अटलांटिकवर आग लागून नष्ट झाली. तिच्यावरच्या माणसांना 'श्प्रे' या जर्मन जहाजाने वाचवले. बटाव्हियाचे नाव 'टकोमा' झाले. रशिया-जपान युद्धात १९०५ साली व्लादिवोस्तोककडे जाताना जपान्यांनी तिला पकडले आणि तिचे नाव 'शिकोतान मारू' ठेवले. पार्थियाची 'व्हिक्टोरिया' झाली. सोन्याच्या शोधात निघालेल्या माणसांना घेऊन ती अलास्काला जाऊ लागली आणि तिथेच रमली. वसंतात बर्फ फुटू लागला की नोम बंदराकडे आधी कोण जाणार, तर म्हातारी व्हिक्टोरिया, अशी तिची ख्याती झाली. १८७० सालच्या कारागिरांचा नव्या मालावर पुरता विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी पत्रा जाड ठेवला. त्याचा हा फायदा, असे माझे मत आहे. शेवटी तिचा नुसता सांगाडा ओंडके वाहणारा बार्ज झाला आणि १९५६ साली जपानमध्ये ती मोडली गेली. वय ८६.

आणि ज्यांच्यासाठी तिला मोडीत घातले होते ती जहाजे? इट्रुरिया १९०९ साली आणि अंब्रिया १९१० साली भंगारात गेली. वय पंचवीस-सव्वीस. पण म्हणून कुनार्ड फसली असे कुणी समजू नये. अटलांटिकच्या शर्यतीत पार्थियाला आयुष्य उरलेच नव्हते. जे आयुष्य होते ते अलास्कातले होते आणि अलास्का कुनार्डच्या वाटेवर नव्हते. जुन्या वस्तूची किंमत वस्तूत कमी आणि ती कुठे नेता येते यात जास्त असते. बोहारणीचे सगळे अर्थशास्त्र हेच आहे: तुमच्या कपाटात निरुपयोगी असलेली साडी ज्या गल्लीत उपयोगी आहे, ती गल्ली तिला माहीत असते. मराठीत 'मोड' शब्दाला दोन अर्थ आहेत. भंगारालाही मोड म्हणतात आणि मटकीलाही मोड येतात. पार्थियाच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच जहाजाला लागू पडले.

इथपर्यंतचा व्यवहार दोन व्यापाऱ्यांमधला. विसाव्या शतकात सरकारे त्यात उतरली आणि व्यवहाराचे रूप पालटले. १९३० नंतरच्या महामंदीत बंदरे रिकाम्या जहाजांनी भरून गेली. माल कमी, जहाजे फार. अशा वेळी नवे जहाज बांधायला पैसे द्यावेत तर गर्दी वाढते, न द्यावेत तर कारखान्यातली माणसे घरी बसतात. तोडगा निघाला तो असा: नव्यासाठी मदत घ्या, पण जुने मोडून दाखवा. जपानने १९३२ साली ही योजना आणली. चार लाख टनांची जुनी जहाजे मोडायची आणि दोन लाख टनांची नवी बांधायची, हे तिचे प्रमाण. त्यातून ३१ नवी, वेगवान मालवाहू जहाजे तयार झाली. ब्रिटनने १९३५ साली कायदा करून हेच केले: एक टन नवे बांधायला सरकारी कर्ज हवे असेल तर दोन टन जुने भंगारात काढा.

पण ब्रिटिश योजनेत एक खिडकी उघडी राहिली. मोडायचे जहाज स्वतःचेच असले पाहिजे असे बंधन नव्हते. मालकांनी बाजारातून, परदेशातूनसुद्धा, मोडकळीला आलेली जहाजे स्वस्तात विकत घेतली आणि ती मोडून कर्जाला पात्र ठरले. ९७ जहाजे मोडली गेली, नवी बांधली गेली ५०. आपल्या घरात जुना फ्रिज नसेल तर शेजारच्या भंगारवाल्याकडून एक आणून एक्सचेंज सवलत घेणारी माणसे आपल्याकडेही आहेत, तेव्हा इंग्रज जहाजमालकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेने थोडी वेगळी वाट धरली. १९३९च्या दुरुस्तीने तिथल्या सागरी आयोगाला जुने जहाज ताब्यात घेऊन त्याची किंमत नव्या जहाजाच्या बिलात वळती करण्याचा अधिकार मिळाला. तिथे खुद्द सरकारच बोहारीण झाले.

युरोपच्या मासेमारीत हा विचार आणखी पुढे गेला आहे. २००३पासून युरोपीय संघात नवी मासेमारी बोट ताफ्यात आणायची तर तेवढ्याच क्षमतेची जुनी बोट ताफ्यातून बाहेर काढावी लागते. कारण तिथे प्रश्न जहाजांच्या गर्दीचा नसून माशांच्या तुटवड्याचा आहे. त्याआधी, १९९०च्या दशकात, ब्रिटनने मच्छीमारांना बोटी कायमच्या बंद करण्यासाठी अनुदान दिले, आणि अट घातली की बोट प्रत्यक्ष फोडली गेली पाहिजे. ओक आणि लार्च लाकडाच्या, पिढ्यान् पिढ्यांच्या कारागिरीच्या चांगल्या चालत्या बोटी यंत्राने चिरडल्या गेल्या. त्या चित्रांनी तिथे मोठी हळहळ उमटली. सरकारचा तर्क सरळ होता. बोट उरली की ती पुन्हा मासे पकडायला जाणार. सोनार पाटली वितळवतो कारण त्याला सोने हवे असते. सरकार बोट फोडते कारण त्याला ती बोट अस्तित्वातच नको असते.

आता आपल्याकडचे. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. त्यातल्या आर्थिक साहाय्याच्या योजनेत जहाजमोडणीच्या 'क्रेडिट नोट'साठी ४,००१ कोटी रुपये ठेवले आहेत. कल्पना अशी की मालकाने आपले जुने जहाज भारतातल्या कारखान्यात मोडायला दिले, तर भंगाराच्या किमतीच्या ४० टक्के एवढ्या रकमेची चिठ्ठी त्याला मिळेल आणि भारतातल्या कारखान्यात नवे जहाज बांधून घेताना ती वापरता येईल. भंगाराचे पैसे मोडणारा देतोच, ही चिठ्ठी त्यावर. समजा जहाजाच्या भंगाराचे वीस कोटी आले, तर आठ कोटींची चिठ्ठी. गुजरातेतले अलंग हे जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजमोडणी किनाऱ्यांपैकी एक. मुंबईत दारूखान्यालाही हे काम चालते; आपली पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' तिथेच मोडली गेली. मोडण्याचा धंदा इथे भक्कम, बांधण्याचा धंदा त्यामानाने लहान. एकाच्या दारातल्या गिऱ्हाइकाला हाताला धरून दुसऱ्याच्या दारात नेण्याचा हा प्रयत्न आहे आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. पिअर्सच्या घरात जे एका छताखाली होते, ते इथे चिठ्ठीने जोडायचे आहे.

पण ही योजना लोखंडाची आहे. मोडीला भाव असेल तरच त्याचे ४० टक्के निघतात. साखरीनाट्याच्या किंवा अर्नाळ्याच्या नाखव्याने आपली बोट मोडायला काढली तर त्याच्या हाती काय येते, हे पाहिले की फरक कळतो.

कोकणातली मासेमारी बोट ही खरे तर तीन वस्तूंची मोळी आहे. पहिली वस्तू सांगाडा: पठाण, म्हणजे बोटीचा कणा, त्यावरच्या फासळ्या, फळ्या, केबिन. दुसरी वस्तू यंत्र: इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, पंखा, विंच. तिसरी वस्तू कागद: नोंदणी, मासेमारीचा परवाना, संस्थेचे सभासदत्व, आणि त्यांच्या आधाराने मिळणारा डिझेलवरच्या कराचा परतावा. या तीन वस्तू एकत्र पाण्यावर चालतात, पण त्यांचे आयुष्य वेगवेगळे असते. इंजिन काढून दुरुस्त करून नव्या सांगाड्यात बसवता येते. मुळात अनेक बोटींवरचे इंजिन ट्रकच्याच इंजिनात समुद्रासाठी फेरफार करून केलेले असते. पितळी पंख्याला भंगारातही भाव आहे. कागदांची किंमत तर कुठल्याच पावतीवर दिसत नाही आणि तरी सौद्यात सगळ्यात जड तीच असते. परवाना असलेली कुजकी बोट आणि परवाना नसलेली धडधाकट बोट यांतली कोणती घ्यावी, असे विचारले तर जाणता माणूस पहिलीकडे बोट दाखवेल.

उरतो सांगाडा. तो नवी बोट बांधणारा सुतार घालून घेत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. किनाऱ्यावरचा बोट बांधणारा सुतार बहुतेक वेळा मजुरीवर काम करतो. लाकूड मालक आणतो, खिळे मालक आणतो, इंजिन मालक आणतो. सुताराजवळ असते ती विद्या आणि माणसे. त्याचे भांडवलच त्या सौद्यात नसते, तर तो जुनी बोट घेऊन ती विकली जाईपर्यंत वाट कशी पाहणार? फायबरच्या बोटी करणाऱ्या कारखान्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्याकडे साचा असतो, ठरलेली किंमत असते. पण वापरलेल्या बोटी दुरुस्त करून विकणारे स्वतंत्र खाते चालवणे ही त्यांच्याही बळाबाहेरची गोष्ट.

परिणाम असा की जुनी बोट माणसाकडून माणसाकडे उतरत जाते. मोठ्या बंदरातून लहान बंदरात, खोल समुद्रातून खाडीच्या तोंडापर्यंत. तिची चौकशी तोंडातोंडी होते, किंमत ओळखीवर ठरते. बँकेचे किंवा संस्थेचे कर्ज शिल्लक असेल तर ना-हरकत पत्रासाठी सौदा थांबतो. आणि या सगळ्याला कॅलेंडरची एक चिमटी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. जुनी बोट मेअखेरपर्यंत कमावणार, नवी ऑगस्टच्या सुरुवातीला, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे, पाण्यात हवी. मधल्या दोन महिन्यांत जुनी विकायची म्हटले तर नेमक्या त्याच वेळी सगळे विकायला बसलेले असतात आणि घेणाऱ्याला पावसात बोट चालवून बघता येत नाही. ऑगस्टनंतर विकायची तर नवीचा शेवटचा हप्ता तोपर्यंत अंगावर आलेला असतो. ही दोन महिन्यांची फट भरून काढणारा कुणीतरी मधे उभा राहणे, हाच 'एक्सचेंज'चा खरा उपयोग झाला असता.

सरकारी योजनांत या गरजेची चाहूल लागते. २०२० सालच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना बोटी आणि जाळी देण्याची बाब आहे, आणि तिच्या नावातच 'बदली' असा शब्द कंसात लिहिला आहे. एका एककाची किंमत पाच लाख धरलेली. सर्वसाधारण गटाला तिच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य. 'बदली' म्हटले की एक यायला हवी आणि एक जायला हवी. येणारीचे दर ठरलेले आहेत. जाणारीसाठी मात्र ना धक्का आहे, ना दर, ना तिला घेणारा.

लाकडी बोटीच्या काळात हे खपून जात असे. जुना सांगाडा फोडला तर खिळे निघत, फळ्या कुंपणाला, गोठ्याला, न्हाणीच्या चुलीला जात. बोट हळूहळू गावात विरघळून जाई. फायबरच्या बोटीचे तसे होत नाही. काचेचे धागे आणि राळ एकदा घट्ट झाली की ती वितळवून पुन्हा वापरता येत नाही. जाळली तर विषारी धूर होतो, कापली तर धूळ फुप्फुसात जाते. तिला मोड नाही, शब्दाच्या कुठल्याच अर्थाने नाही. उलट ती हलवायलाच पैसे लागतात. म्हणजे सोन्याच्या पाटलीच्या अगदी दुसऱ्या टोकाची ही वस्तू. पाटलीची मोड जवळजवळ पूर्ण किमतीची, लोखंडी जहाजाची निदान भंगाराच्या वजनाची, लाकडी होडीची चार खिळ्यांची आणि फायबरच्या सांगाड्याची शून्याच्या खालची.

म्हणून कोकणासाठी चिठ्ठी काढायचीच झाली तर ती भंगाराच्या किमतीच्या टक्क्यांत काढून चालणार नाही. सांगाड्याच्या लांबीवर, प्रत्येक मीटरला अमुक, अशी ठरवावी लागेल आणि ती बोट ठरलेल्या धक्क्याला आणून लावल्यावरच द्यावी लागेल. इंजिन मालकाने काढून घ्यावे, कागद नव्या बोटीवर चढवावेत, सांगाडा मत्स्यखात्याने किंवा सहकारी संस्थेने ताब्यात घ्यावा. त्यातला जो चालण्याजोगा असेल तो दुरुस्त करून खाडीतल्या लहान मच्छीमाराला देता येईल. या कामाला सहकारी संस्था सगळ्यांत योग्य वाटते, कारण तिच्याकडे बर्फ आहे, डिझेल आहे, सभासदांच्या कर्जाचा हिशेब आहे, आणि कुठल्या गावात कुणाला कसली बोट हवी आहे हे तिच्या चिटणिसाला तोंडपाठ असते. नसते ते एवढेच: ऑगस्ट ते दिवाळी या तीन महिन्यांपुरते, आठ-दहा जुन्या बोटी धरून ठेवता येतील इतके खेळते भांडवल, आणि त्या ओढून ठेवायला भरतीरेषेच्या वर थोडी जागा.